कोरड्या पत्र्याखालचं पाणी

१

कार्ड मेलं, इथवर ठीक होतं. यंत्र म्हटलं की ते कधीतरी मरायचंच. पण वॉरंटीत नवं कार्ड द्यायचं सोडून कंपनीने बारकीलाच खोटारडी ठरवलं, आणि तिथे मावशीचं डोकं फिरलं.

“वाच परत,” मावशी म्हणाली.

बारकीने नाक ओढत मोबाइलवरचं उत्तर पुन्हा वाचलं. कार्डाच्या आत पाणी गेल्याचं आढळलं आहे. ग्राहकाने ही बाब लपवली आहे. कार्ड बदलून मिळणार नाही.

“लपवली!” मावशीने तो शब्द दाताखाली धरला. “पुढे?”

“पुढे काही नाही. येऊन तुमचं कार्ड घेऊन जा म्हणतात.”

बारकी ही मावशीच्या बहिणीची धाकटी लेक. अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बनवायचा तिचा धंदा. जिना कुठे वळेल, सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून कुठवर येईल, हे ती संगणकावर असं उभं करायची की बघणाऱ्याला त्या खोलीत जाऊन बसावंसं वाटे. या कामाला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. चित्रं तयार करायचं सगळं ओझं तेच वाहतं. ते गेलं की संगणक म्हणजे नुसती बैलाविना गाडी.

तिचा एक भागीदार होता. कामं दोघं मिळून घेत आणि आपापल्या घरी बसून करत. यंत्रंसुद्धा दोघांनी सारखीच घेतली होती, एकाच दुकानातून, एकाच दिवशी. सध्या एका बड्या बिल्डरची फिल्म चालू होती. खोल्या, सामान, उजेड सगळा बारकीचा. भागीदाराकडे शेवटची जुळवाजुळव. फिल्म पसंत पडली तर बिल्डरची पुढची सगळी कामं यांच्याकडे येणार होती. ती उद्या संध्याकाळी द्यायची होती, आणि बारकीचा पडदा काळा पडला होता.

“बिल्डरच्या कानावर गेलं गं,” बारकी म्हणाली. “तो म्हणाला, कंपनीला फसवणारी बाई मला नको. फिल्म भागीदार एकटा देईल, आणि नावही त्याचंच लागेल.”

“बिल्डरला सांगितलं कुणी?”

“दुकानदाराने. भागीदारच म्हणाला तसं.”

मावशी विमा कंपनीतून निवृत्त झाली होती. लोकांच्या दाव्यांतलं खोटं हुडकणं हीच तिची नोकरी. गोदाम जळालं म्हणून गळा काढणाऱ्याकडे ती अशी बघायची की काडी ओढणारा आपणहून बोलायला लागे. शिवाय तिचा डूख मोठा. शाळेत तिची पट्टी मोडणाऱ्या मुलीशी ती अजून बोलत नव्हती, आणि त्या मुलीला आता नातवंडं झाली होती. क्षमा वगैरे गोष्टी तिने दुसऱ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या.

“तोंड धू,” ती बारकीला म्हणाली. “ज्याने हे केलंय त्याला मी रडवते. मग तुला रडायची गरज पडणार नाही.”

२

सर्व्हिस सेंटरच्या इंजिनियरने बारकीबरोबर आलेल्या मावशीला नखशिखान्त पाहिलं आणि ही बाई वेळ खाणार हे ओळखलं.

“पाणी आहे म्हणजे आहे, मॅडम.”

“मी कुठे नाही म्हणतेय? दाखवा तरी.”

त्याने कार्डाचे सुटे भाग टेबलावर मांडले. एका बाजूला पंखे. मधे हिरवा बोर्ड, म्हणजे खरं कार्ड. आणि बोर्डाच्या पाठीवर स्क्रूने बसणारा काळा पत्रा, हवेसाठी फटी ठेवलेला. पत्र्यावर कार्डाचा नंबर छापलेला स्टिकर होता. बोर्डाच्या पाठीवर, अगदी मध्यावर, एक वाटोळं पांढरं कडं उठलं होतं, आणि कड्याच्या आत काळं जळकं.

“हे बघा. थेंब थेंब पाणी पडलं, डबकं साचलं, सुकलं, परत साचलं. कडेला हिरवट चढलंय, म्हणजे बरेच दिवस झालेत. आणि शेवटी कार्ड चालू असताना जळलं.”

“तुमच्याकडे आल्यावर नसेल झालं?”

इंजिनियर दुखावला. “पार्सल आलं आणि मी लगेच उघडलं. एवढ्यात हिरवं चढत नाही. दुकानात नाही, कुरियरमध्येही नाही. तिथे याला वीज कोण देणार?”

“आणि कार्ड हिचंच कशावरून?”

“नंबर हिच्या बिलावरचाच आहे. हा स्टिकर काढायला गेलं तर चिंध्या होतात, बदलता येत नाही.” तो जरा पुढे झुकला. “घरात विचारा, मॅडम. कुणाच्या तरी हातून सांडलं असेल. मार बसेल म्हणून पोरं सांगत नाहीत, नवरे तर त्याहून सांगत नाहीत.”

मावशीने सगळे तुकडे पिशवीत भरून घेतले. बाहेर उन्हात येऊन तिने तो काळा पत्रा दोन्ही बाजूंनी न्याहाळला. आतबाहेर चकचकीत होता. एका कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकाला लागून, लाल रंगाचा अर्धा ठिपका होता. उरलेला अर्धा स्क्रूच्या डोक्यावर असावा. तिने पिशवीत शोधलं, तर तो होताच.

घरी पोचल्या तेव्हा बारकीचा नवरा दारातच उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला होता.

“मावशी, हिला काही बोलू नका,” तो म्हणाला. “पाणी माझ्या हातून गेलंय.”

३

बारकी हातातली पिशवी तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

“खिडकीतल्या झाडांवर मी रोज पाणी फवारतो,” तो म्हणाला. “खालीच तुझं यंत्र. उडालं असेल त्याच्यावर. परवा पडदा काळा पडला तेव्हाच माझ्या मनात चर्र झालं होतं.”

“आणि तू गप्प बसलास? मी सगळ्या जगाला शिव्या देतेय, अन् तू झाडांना पाणी घालतोयस?”

“सांगणार होतो. तू रडत होतीस.”

“म्हणून तू वाट बघितलीस? मी हसायची?”

नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये म्हणतात. मावशी पडली. “जावईबापू, आधी मला जागा दाखवा. फाशी नंतर घ्या.”

बारकीची पाठ दुखायची, म्हणून ती जमिनीवर बसून काम करी. समोर बसकं टेबल, त्याच्या बाजूला खिडकीचा कट्टा. कट्ट्याखाली संगणकाचं उंच कॅबिनेट उभं मावत नव्हतं, म्हणून ते आडवं निजवलेलं. वर झाडांची रांग. मावशी गुडघ्यांना बोल लावत खाली बसली आणि तिने कॅबिनेटचं झाकण काढायला लावलं.

“कार्ड कुठे बसतं?”

बारकीने खाच दाखवली. बोर्ड खाचेत खोचून दाखवला. कॅबिनेट निजलेलं असल्यामुळे कार्ड त्यात ताठ उभं राहिलं, कपाटात पुस्तक राहतं तसं.

मावशी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली. मग ती हसली, आणि जावयाला तिच्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

“जावईबापू, ताटली उभी धरली तर तिच्यात पाणी साचतं का?”

“नाही.”

“मग इथे साचेल कसं? तुमचं पाणी वरून पडलं असतं तर ओघळून खाली गेलं असतं. खालची कड खराब झाली असती. हे कडं मध्यावर आहे आणि वाटोळं आहे. म्हणजे पाणी पडलं तेव्हा हा बोर्ड आडवा होता, आणि चालूही होता. या घरात हे कधी घडलंच नाही.”

जावयाने भिंतीला पाठ टेकली. बारकी त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तरी सांगायला हवं होतंस.” पण तिचा आवाज उतरला होता.

“अजून संपलं नाही,” मावशी म्हणाली. तिने काळा पत्रा उचलून बोर्डाच्या पाठीवर जिथल्या तिथे ठेवला. “वरून पडणारं पाणी आधी कशावर पडेल?”

“पत्र्यावर,” बारकी म्हणाली. “मग फटीतून आत.”

“पत्र्यावर डाग दाखव मला.”

बारकीने पत्रा उलटा केला, सुलटा केला, फटींतून बोट फिरवलं. कुठेच काही नव्हतं.

“छप्पर कोरडं आणि घरात पूर?” मावशी म्हणाली. “अगं, हा बोर्ड तुझा नाहीच. नंबरचा पत्रा तेवढा तुझा आहे. कुणीतरी तुझ्या कार्डाची पाठ काढून दुसऱ्या मढ्यावर चढवली.”

४

संध्याकाळी भागीदार आला. सोज्वळ चेहरा, मऊ बोलणं. बारकीच्या संगणकातलं तिचं काम न्यायला आला होता.

“मला मनापासून वाईट वाटतंय गं,” तो बारकीला म्हणाला. “पण निदान फिल्म तरी वेळेवर जाऊ दे. बिल्डर थोडा थंड झाला की मी तुझ्याबद्दल बोलतो.”

बारकीने काम भरलेली डिस्क संगणकातून काढून दिली. सगळ्या खोल्या, सगळा उजेड त्या एवढ्याशा डबीत होता.

“बस रे बाबा,” मावशी म्हणाली. “तू हुशार आहेस, जरा मदत कर. परवा हिचा पडदा काळा पडला, तेव्हा तूच आला होतास ना?”

“हो. मी तपासलं. कार्डच गेलं होतं.”

“मग?”

“मग काय, हिला वॉरंटीचं काही कळत नाही. कार्ड घरी नेलं, खोक्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात दिलं. दुकानदाराने पुढे पाठवलं.”

“आत उघडून बघितलंस?”

“छे! स्क्रूला हात लावला की वॉरंटी जाते.” त्याने आवाज खाली घेतला. “मावशी, खरं सांगू? मला त्या दुकानदाराचा संशय येतो. त्याच्याकडे मेलेल्या कार्डांचा ढीग आहे. बिल्डरकडे चुगलीही त्यानेच केली. तुम्ही त्याच्यावर तक्रार करा. साक्षीला मी उभा राहतो.”

“देवासारखा आलास,” मावशी म्हणाली.

तो गेल्यावर बारकी म्हणाली, “दुकानदारच असणार. किती गोड बोलून कार्डं विकली होती आम्हाला!”

चोर दोघांपैकी एक होता, आणि चुकीच्या माणसाचा सूड घेणं तिला पटत नसे. त्यात सगळी मेहनत वाया जाते.

५

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा मावशी बारकीला घेऊन बाहेर उभीच होती.

“तुम्ही माझ्या भाचीचं कार्ड बदललंत,” तिने सुरुवातच अशी केली.

दुकानदार ढेरपोट्या, हसतमुख माणूस. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. “मी? मॅडम, मी इथे वर्षानुवर्षं बसलोय. लोक माझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतात.”

“म्हणूनच बदलणं सोपं. बिल्डरकडे चुगलीही केलीत. हिचा भागीदार साक्षीला उभा राहतोय.”

“कुठला बिल्डर? मी कुणा बिल्डरला ओळखत नाही!” तो लाल झाला. “आणि बदलेन कशाला? उलट लोकांनी बदलू नये म्हणून मीच खूण करतो. विक्रीच्या वेळी, गिऱ्हाइकासमोर. हिच्यासमोरच केली होती, विचारा.”

“ठिपका,” बारकीला आठवलं. “नेलपॉलिशचा.”

“हां! अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका तुटतो. कार्ड परत आलं की मी आधी तेच बघतो. हिच्या कार्डावर ठिपका शाबूत होता, म्हणून तर पुढे पाठवलं.”

“कुठली नेलपॉलिश?”

त्याने गल्ल्यामागून एक बाटली काढली. “पोरीने टाकून दिलेली. पहिल्यापासून हीच वापरतोय, संपतच नाही.”

मावशीने बाटली हलवली. लाल रंगात बारीक चमकी नाचली. तिने पिशवीतला पत्रा काढून बाटलीशेजारी ठेवला. पत्र्यावरचा अर्धा ठिपका लाल होता, पण त्यात चमकी नव्हती. औषधालाही नव्हती.

दुकानदाराने चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. “हा माझा ठिपका नाही.”

“तुम्ही ठिपका आहे की नाही एवढंच बघितलंत,” मावशी म्हणाली. “कसा आहे ते बघितलं नाही.”

“गर्दी होती हो.”

“असू दे, या ठिपक्यानेच तुम्ही सुटलात. तुम्ही स्क्रू उघडला असता तर परत ठिपका कुठून दिला असता? याच बाटलीतून. आणि सर्व्हिस सेंटरवाल्याला ठिपक्याचं सोयरसुतक नाही, त्याने तो बिनधास्त तोडला. मग तुटलेला पुसून नवा ठिपका कुणी द्यावा? ज्याला तुमच्या डोळ्यांत धूळ टाकायची होती त्याने. म्हणजे कार्ड तुमच्याकडे यायच्या आधी ज्याच्या हातात होतं त्याने.”

बारकी स्टुलावर बसली. तिला आता नाव उच्चारायची गरज नव्हती. “पण का?” ती म्हणाली. “माझं कार्ड तर मेलं होतं. मेलेलं चोरून त्याला काय मिळणार?”

“तूच सांग,” मावशी म्हणाली.

बारकीच्या चेहऱ्यावरून आधी दुःख गेलं, मग लाज गेली, आणि जे उरलं ते पाहून मावशीला फार बरं वाटलं.

“मेलंच नव्हतं,” बारकी म्हणाली.

“वायर सैल झाली तरी पडदा काळा होतो,” दुकानदार पुटपुटला. “कुणाचा धक्का लागून कॅबिनेट सरकलं असेल. भागीदाराला ते एका मिनिटात कळलं असणार.” मग त्याने शटर अर्धं खाली ओढलं. “मॅडम, मीही येतो. साक्षीला उभा राहणार होता ना तो? बघू या कसा उभा राहतो.”

६

भागीदाराने दार उघडलं तेव्हा त्याचं रेंडर चालू होतं. म्हणजे बारकीच्या खोल्यांची अखेरची, पक्की फिल्म संगणक तयार करत होता. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती आणि बरीच सरकून झाली होती.

“संध्याकाळी द्यायचीय,” तो म्हणाला. दुकानदाराला पाहून तो चपापला, पण लगेच सावरला. “कबूल केलं का यांनी?”

“तेच सांगायला आलोय,” म्हणत मावशी सरळ आत गेली.

त्याचं कॅबिनेट ऐटीत उभं होतं. एका बाजूला काचेचं दार, आत रंगीत दिवे. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड फळीसारखं आडवं बसतं, पाठ वर करून. त्याच्या बरोबर वर, कॅबिनेटच्या छताला, दोन वाटोळी भोकं रिकामी होती.

“पाण्याच्या नळ्या काढल्यास वाटतं?” दुकानदार म्हणाला. “यंत्र थंड ठेवायला पाणी खेळवतात, ते याने घरीच जुळवलं होतं. मी तेव्हाच सांगितलं, गळलं तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल.”

“गळलं,” मावशी म्हणाली. “थेंब थेंब. खालच्या कार्डावर.”

भागीदार हसला. “मावशी, माझं कार्ड तर मस्त चालू आहे. बघा की.”

“बघतेच आहे. बारकी, टॉर्च.”

बारकीने मोबाइलचा उजेड काचेतून आत टाकला. कार्डाच्या काळ्या पत्र्यावर, फटींच्या कडांना, पांढरट कडं होतं. घासून काढायचा प्रयत्न झालेला दिसत होता. कोपऱ्यातल्या स्क्रूवर लाल ठिपका होता. त्यात चमकी नव्हती.

“तिकडे छप्पर कोरडं आणि घर बुडालेलं,” मावशी म्हणाली. “इकडे छप्पर भिजलेलं आणि घर ठणठणीत. दोन घरांची छपरं बदलली, दुसरं काय? आणि तू म्हणे स्क्रूला हात लावत नाहीस.”

भागीदार मटकन खुर्चीत बसला.

“माझं कार्ड महिन्याभरापूर्वी जळलं,” तो म्हणाला. “कुणाला सांगितलं नाही. मग हिने बोलावलं, बघतो तर नुसती वायर निघालेली. मला वाटलं, हिला वॉरंटीत नवं मिळेल, माझं काम चालेल, कुणाचंच नुकसान नाही. ते कडं कंपनीवाले इतकं बारकाईने बघतील असं वाटलं नव्हतं.”

“आणि बिल्डर?” बारकीने विचारलं. “तोही वायरसारखा आपोआप निघाला?”

त्याने मान खाली घातली. “कंपनीने नाही म्हटल्यावर मी घाबरलो. तू शोध घेतला असतास. तुझ्यावर कुणाचा विश्वास राहिला नाही तर तू कुठे ओरडणार, असं वाटलं. मावशी, चूक झाली. पाया पडतो तुमच्या.”

“माझ्या कशाला? मी पेन्शनवर जगते.”

बारकीने पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि काचेचं दार उघडलं.

“थांब, थांब!” भागीदार उठला. “रेंडर संपत आलंय. जेवढं झालंय ते फुकट जाईल. आज फिल्म गेली नाही तर बिल्डर दुसऱ्याला काम देईल. दोघांचंही जाईल, बारके!”

मावशीलाही ते पटलं. तिने हळूच बारकीचा दंड धरला. “अगं, फिल्म तुझीच आहे. होऊ दे की पुरी. मग कार्डही ने आणि फिल्मही ने. त्याला नंतर बघू.”

“नाही,” बारकी म्हणाली.

“काम जाईल तुझं.”

“जाऊ दे. माझा उजेड याच्या पडद्यावर पुरा होणार नाही.”

तिने मागचं बटण दाबलं. हिरवी पट्टी गेली, दिवे विझले, पंखे फिरत फिरत थांबले. भागीदाराच्या तोंडून असा आवाज निघाला की दुकानदाराने नजर दुसरीकडे वळवली. बारकीने शांतपणे वायर काढली, स्क्रू फिरवला आणि कार्ड खाचेतून ओढून घेतलं. ते चांगलंच तापलं होतं. तिने ते पदराने धरलं, पण खाली ठेवलं नाही.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने लोकांचं खोटं पकडलं होतं, पण स्वतःचं घर पेटवून चोराला उजेडात आणायची हिंमत तिची कधी झाली नव्हती.

“आता मी बिल्डरला काय सांगू?” भागीदार कसाबसा म्हणाला.

“सगळं,” बारकी म्हणाली. तिने मोबाइलवर बिल्डरचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल त्याच्या समोर धरला. “फिल्म आज येणार नाही, इथून सुरू कर. मधे काही गाळलंस तर मी सांगेन.”

पलीकडून घंटा वाजली. कुणीतरी उचलून “बोला” म्हणालं. भागीदाराने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या मदतीला कुणी आलं नाही. मग त्याने घसा साफ केला, आणि बारकी खुर्ची ओढून ऐकायला बसली.